गौरवाचे ठराव आणि शाळांची कुलुपे

जानेवारी महिन्याच्या अखेरच्या रविवारी अमेरिकेतील कॅथलिक ख्रिस्तसभेत 'कॅथलिक शाळा सप्ताहा'स प्रारंभ होतो. तेथील राष्ट्रीय कॅथलिक शैक्षणिक संघटनेने १९७४ साली सुरू केलेली ही प्रथा आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. त्या आठवड्यात मिस्साबलिदानात विद्यार्थी वाचने करतात, शाळांची दारे पालकांसाठी आणि परिसरातील नागरिकांसाठी खुली होतात, शिक्षकांविषयी कृतज्ञता व्यक्त केली जाते. याच सुमारास राजधानी वॉशिंग्टनमध्ये आणखी एक उपचार पार पडतो. अमेरिकेच्या संसदेत, जिला तेथे काँग्रेस म्हणतात, कॅथलिक शाळांच्या राष्ट्रकार्याचा गौरव करणारा ठराव सादर होतो. शिकागो परिसराचे माजी प्रतिनिधी डॅन लिपिन्स्की यांनी आपल्या कारकिर्दीत हा ठराव वारंवार मांडला. ते स्वतः शिकागोतील सेंट इग्नेशियस या येशूसंघीय शाळेचे माजी विद्यार्थी. ते २०२१ साली संसदेबाहेर गेले.

आपल्या शाळांचे कौतुक देशाच्या सर्वोच्च सभागृहात व्हावे, ही कोणत्याही कॅथलिक माणसाला सुखावणारी गोष्ट आहे. परंतु ज्या काळात हे ठराव येत राहिले, त्याच काळात त्या देशातील कॅथलिक शाळा शेकड्यांनी बंद पडत गेल्या, हेही तितकेच खरे आहे. एका हाताने शाल पांघरली जात होती आणि दुसरीकडे शाळेच्या फाटकाला कुलूप लागत होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध आहे, आणि राजसत्तेच्या अशा कौतुकाकडे श्रद्धावंतांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

जीआर नव्हे, ठराव

महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागेल. आपल्याकडे शासनाचा ठराव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शासन निर्णय, म्हणजेच रूढ भाषेत 'जीआर' उभा राहतो. एखादा जीआर निघाला की शाळेतील शिक्षकांची पदे कमी-अधिक होतात, अनुदानाचा टप्पा ठरतो, संचमान्यतेचे निकष बदलतात. म्हणूनच जीआर निघाल्याची वार्ता कानी येताच मुख्याध्यापकांचा जीव एक तर भांड्यात पडतो किंवा टांगणीला लागतो.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील गौरवाचा ठराव या जातीचा नाही. त्याला 'साधा ठराव' म्हणतात. तो दुसऱ्या सभागृहाकडे जात नाही, राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीसाठी जात नाही, त्याला कायद्याचे बळ नसते आणि त्यातून एक डॉलरही कोणाच्या हाती पडत नाही. तो त्या सभागृहाने व्यक्त केलेली भावना असते, त्यापलीकडे काही नाही. असे ठराव बहुधा वादग्रस्त नसलेल्या कामकाजासाठी राखलेल्या पद्धतीने घेतले जातात. एकूण चाळीस मिनिटांची चर्चा होते, उपस्थितांपैकी दोनतृतीयांश सदस्यांची संमती लागते, आणि पुष्कळदा आवाजी मतदानानेच काम भागते.

अशा ठरावांचा एके काळी इतका सुकाळ झाला की, खुद्द प्रतिनिधिगृहालाच त्यांना आवर घालावा लागला. विशिष्ट दिवस, सप्ताह किंवा महिना एखाद्या विषयाला वाहणारी विधेयके यापुढे घ्यायची नाहीत, असा नियम १९९५ साली करण्यात आला. तेव्हा सदस्यांनी नवी वाट शोधली. सप्ताह घोषित करायचा नाही, फक्त त्या सप्ताहाच्या 'उद्दिष्टांना पाठिंबा' द्यायचा. २००० च्या दशकात कॅथलिक शाळांविषयीचे ठराव या वाटेने सभागृहापुढे आले आणि संमत झाले. पुढे २०११ साली रिपब्लिकन पक्षाचे बहुमत आल्यावर त्या पक्षाने अभिनंदनाचे आणि कौतुकाचे ठराव या सोप्या पद्धतीने घ्यायचे नाहीत, असा अंतर्गत नियम केला. प्रशंसेच्या नाण्याची किंमत किती घसरली होती, हे यावरून दिसून येते.

'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी'

या ठरावांची रचना आपल्या कोर्टकचेरीतील कागदांसारखी असते. प्रथम 'ज्याअर्थी'ची मालिका आणि शेवटी 'त्याअर्थी'. ज्याअर्थी कॅथलिक शाळांची शैक्षणिक गुणवत्ता सर्वमान्य आहे. ज्याअर्थी या शाळांत विविध वंशांची मुले एकत्र शिकतात. ज्याअर्थी कॅथलिकेतर कुटुंबांतील मुलांनाही त्यांत प्रवेश मिळतो. ज्याअर्थी त्यांचे बहुसंख्य विद्यार्थी शालान्त शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात जातात. त्याअर्थी हे सभागृह कॅथलिक शाळा सप्ताहाच्या उद्दिष्टांस पाठिंबा देते आणि या शाळांचे, विद्यार्थ्यांचे, पालकांचे व शिक्षकांचे अभिनंदन करते. अमेरिकन बिशपांनी १९७२ साली शिक्षणाविषयी प्रसिद्ध केलेल्या मेषपालीय संदेशाचा दाखलाही त्यात दिला जातो.

समर्थनार्थ होणाऱ्या भाषणांत आणखी एक मुद्दा हमखास येतो. ही मुले सरकारी शाळांत गेली असती तर करदात्यांवर अब्जावधी डॉलरांचा बोजा पडला असता. तो बोजा कॅथलिक पालकांनी उचलला, म्हणून त्यांचे आभार. हे गणित खोटे नाही. पण ते नीट वाचले तर त्यातील दुसरी बाजू ध्यानात येते. ज्या पैशाची बचत झाली म्हणून सभागृह धन्यवाद देते, तो पैसा कोणाच्या तरी खिशातून गेला आहे. कॅथलिक पालक सरकारी शाळांसाठी कर भरतो आणि आपल्या मुलांच्या शाळेची फीही भरतो. म्हणजे ठरावातील प्रशंसा हा एका अर्थी ऋणाचा कबुलीजबाब आहे. ऋण मान्य आहे. फेडीविषयी मात्र ठराव मौन पाळतो.

निंदेच्या ठरावापासून स्तुतीच्या ठरावापर्यंत

असे असले तरी या ठरावांना केवळ कागदी फुले म्हणून बाजूला सारणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या सभागृहात आज ही स्तुती ऐकू येते, त्याच सभागृहात दीडशे वर्षांपूर्वी काय घडले होते, ते आठवावे.

अमेरिकेतील कॅथलिक शाळांची मुळे संत एलिझाबेथ सेटन यांच्या कार्यात आहेत. पाच मुलांची आई असलेल्या या विधवेने १८०५ साली कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. पुढे तिने धर्मभगिनींचा संघ स्थापन केला आणि १८१० साली मेरीलँड राज्यातील एमिट्सबर्ग येथे मुलींसाठी विनामूल्य शाळा उघडली. १९७५ साली संतपद लाभलेली ती अमेरिकेत जन्मलेली पहिली व्यक्ती. त्यानंतर आयर्लंड आणि जर्मनीहून आलेल्या गरीब कॅथलिक निर्वासितांचे लोंढे अमेरिकेच्या बंदरांत उतरू लागले. तेथील सार्वजनिक शाळा नावाला सर्वांच्या होत्या. प्रत्यक्षात त्यांत प्रोटेस्टंट पंथीयांचे बायबल आणि प्रार्थना चालत. कॅथलिक मुलांना आपल्या पंथाचे बायबल वाचण्याची मुभा द्यावी, एवढीच मागणी फिलाडेल्फियाचे बिशप केनरिक यांनी केली. तो वाद चिघळत गेला आणि १८४४ साली त्या शहरात दंगली उसळल्या. माणसे मारली गेली. सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळण्यात आली. त्याच शहरात १८५२ साली बिशप म्हणून आलेल्या संत जॉन न्यूमन यांनी धर्मग्राम शाळांची धर्मप्रांतीय व्यवस्था उभी केली. आगीला त्यांनी शाळांनी उत्तर दिले.

पुढे १८७५ साली प्रतिनिधी जेम्स ब्लेन यांनी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. कोणत्याही पंथाच्या शाळेला सार्वजनिक निधी मिळू नये, हा त्याचा गाभा. शब्द सर्वांना सारखे लागू होणारे होते, पण रोख कॅथलिक शाळांवर होता, हे त्या काळी कोणापासून लपलेले नव्हते. ऑगस्ट १८७६ मध्ये प्रतिनिधिगृहाने तो १८० विरुद्ध ७ मतांनी संमत केला. सिनेटमध्ये २८ विरुद्ध १६ मते पडली, आवश्यक असलेले दोनतृतीयांश बहुमत लाभले नाही आणि प्रस्ताव बारगळला. तथापि त्याच धर्तीच्या तरतुदी पुढे अनेक राज्यांच्या घटनांत शिरल्या आणि त्यांचे ओझे कॅथलिक शाळांनी शतकाहून अधिक काळ वाहिले.

ज्या सभागृहात १८७६ साली आपल्या बाजूने केवळ सात मते होती, तेथे आज आपल्या शाळांच्या विरोधात उठून बोलणे सदस्याला अवघड वाटावे, हा बदल लहान नव्हे. समाजाने एका तुच्छ लेखलेल्या निर्वासित समूहाला आपले मानले, याची ती नोंद आहे. ठरावाचे खरे मोल असलेच तर ते येथे आहे.

शाळा कोणी उभ्या केल्या?

मात्र ही मान्यता ठरावांनी मिळवून दिलेली नाही. सभागृह विरोधात असतानाच १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या तिसऱ्या राष्ट्रीय धर्मपरिषदेने, प्रत्येक धर्मग्रामात चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा असावी, असा निर्णय दिला. खाणकामगार, गोदी कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांनी सेंट-सेंट साठवून विटा चढवल्या. आणि त्या वर्गांत हजारो धर्मभगिनी नाममात्र मानधनावर जन्मभर उभ्या राहिल्या. १९५० च्या सुमारास या शाळांतील दर दहा शिक्षकांपैकी नऊजण व्रतस्थ होते. सरकारी शाळेच्या वेतनाच्या एका अंशावर ही व्यवस्था चालली, कारण तिचा पाया त्याग हा होता.

हा इतिहास सर्वस्वी निष्कलंक होता, असेही नाही. दक्षिणेकडील आणि सीमावर्ती राज्यांत कृष्णवर्णीय मुलांना अनेक कॅथलिक शाळांची दारे बंद होती. परंतु सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ साली आला, त्याच्या सात वर्षे आधी, १९४७ साली सेंट लुईसचे आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी आपल्या महाधर्मप्रांतातील शाळा सर्व वर्णांच्या मुलांसाठी खुल्या केल्या. विरोध करणाऱ्या श्वेतवर्णीय कॅथलिक पालकांपुढे ते नमले नाहीत. त्यासाठी त्यांनी कोणत्याही सभागृहाच्या ठरावाची वाट पाहिली नाही.

१९६० च्या दशकाच्या मध्यास या शाळांचा विस्तार शिखरास पोहोचला. जवळपास १३,००० शाळा आणि सुमारे ५२ लाख विद्यार्थी. त्यानंतर ओहोटी लागली. २०२३-२४ या वर्षी शाळा उरल्या सुमारे ५,९०० आणि विद्यार्थी सुमारे १६ लाख ९० हजार. करोनाच्या साथीत, २०२०-२१ या एकाच वर्षी विद्यार्थिसंख्या ६.४ टक्क्यांनी घटली आणि दोनशेहून अधिक शाळा बंद पडल्या वा इतर शाळांत विलीन झाल्या. पुढील वर्षी संख्या थोडी सावरली, हे खरे. पण शिखर आणि आजची स्थिती यांतील अंतर कोणालाही अस्वस्थ करील असे आहे.

कारणे अनेक आहेत. १९६५ साली अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. आज ती संख्या ४० हजारांच्या खाली आली आहे आणि त्यांतील बहुतेक वयोवृद्ध आहेत. त्यांच्या जागी आलेल्या प्रापंचिक शिक्षकांना कुटुंबे आहेत. त्यांना रास्त वेतन देणे हे ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचेच बंधन आहे. त्यामुळे फी वाढली. कॅथलिक कुटुंबे शहरांतून उपनगरांत गेली, आणि शहरातील शाळांच्या बाकांवर गरीब कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन कुटुंबांची मुले आली, ज्यांना ही फी पेलणारी नव्हती. धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणे २००२ नंतर उघडकीस आली, तेव्हा विश्वासालाही तडा गेला आणि धर्मप्रांतांच्या तिजोऱ्याही रित्या झाल्या. ही जखम आपलीच आहे. ती झाकून शाळांच्या ऱ्हासाचे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही.

राजधानीतील सात शाळा

२००८ हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. त्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेपुढील भाषणात, गरीब मुलांना धार्मिक वा अन्य खाजगी शाळांत जाता यावे यासाठी ३० कोटी डॉलरांची योजना सुचवली. एप्रिलमध्ये सोळावे पोप बेनेडिक्ट यांनी वॉशिंग्टन येथील कॅथलिक विद्यापीठात शिक्षकांशी संवाद साधला. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या पुढाकाराने शहरांतील श्रद्धाधिष्ठित शाळांविषयी परिषद भरली. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालाने नोंदवले की, २००० ते २००६ या सुमारास शहरांतील जवळपास १,२०० धार्मिक शाळा बंद पडल्या आणि सुमारे सव्वाचार लाख मुलांच्या जागा गेल्या. अहवालाने या शाळांना राष्ट्राची ठेव मानले. संसदेने मात्र ती ३० कोटींची योजना मंजूर केली नाही.

आणि त्याच वर्षी संसदभवनाच्याच शहरात वॉशिंग्टन महाधर्मप्रांताला आपल्या सात शाळांवरील क्रूस उतरवावा लागला. पैशाअभावी त्या चालवणे अशक्य झाल्याने त्यांचे रूपांतर सरकारी निधीवर चालणाऱ्या, परंतु धर्मशिक्षण नसलेल्या 'चार्टर' शाळांत करण्यात आले. इमारती तेथेच राहिल्या, अनेक मुलेही तीच राहिली. प्रार्थना तेवढी गेली. ज्या सभागृहात या शाळांच्या नैतिक संस्कारांची वाखाणणी होत होती, ते तेथून काही मैलांवर होते.

शाळा जाते तेव्हा केवळ वर्ग जात नाहीत. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, कॅथलिक शाळांच्या यशामागे पालक, शिक्षक आणि धर्मग्राम यांचे विणलेले नाते असते. त्याला त्यांनी सामाजिक भांडवल म्हटले. मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट या नोत्र दाम विद्यापीठातील विदुषींनी २०१४ साली शिकागोचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे कॅथलिक शाळा बंद पडल्या, त्या वस्त्यांत शेजाऱ्यांतील विश्वास ओसरला आणि अव्यवस्था वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे कुलूप एका फाटकाला लागते, पण गल्ली सगळीच अंधारते.

कायदा काय करू शकतो

गौरवाचा ठराव काहीच करीत नाही, पण कायदा आणि न्यायनिवाडा पुष्कळ काही करतात. तेथील दोन घटना हे स्पष्ट करतील.

१९२२ साली ओरेगन राज्याने, प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असा कायदा जनमताने संमत केला. कू क्लक्स क्लॅनसारख्या कॅथलिकद्वेष्ट्या संघटनांचा त्याला पाठिंबा होता. तो अमलात आला असता तर त्या राज्यातील कॅथलिक शाळा नामशेष झाल्या असत्या. येशू आणि मरिया यांच्या पवित्र नामाच्या धर्मभगिनी न्यायालयात गेल्या. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द ठरवला. मूल ही राज्याची मालमत्ता नव्हे, त्याच्या शिक्षणाची दिशा ठरवण्याचा अधिकार पालकांना आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले. पोप अकरावे पायस यांनी १९२९ साली शिक्षणाविषयी लिहिलेल्या विश्वपत्रात या निकालाचा उल्लेख केला आहे.

दुसरी घटना. १९६५ सालच्या केंद्रीय कायद्यानुसार गरीब वस्त्यांतील मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवणी देण्यासाठी सरकारी शिक्षक धार्मिक शाळांतही जात. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. मग काय झाले? अनेक ठिकाणी शाळेच्या फाटकाबाहेर मोटारगाड्या उभ्या करण्यात आल्या, आणि वाचनात कच्ची असलेली लहान मुले वर्गातून उठून, थंडीत रस्त्यावर येऊन, त्या गाड्यांत बसून शिकू लागली. १९९७ साली न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला, तेव्हा कोठे ती मुले पुन्हा भिंतींच्या आत आली. या बारा वर्षांत कोणत्याही स्तुतीने त्या मुलांची एक पायरी वाचवली नाही.

अलीकडे कायद्याचा प्रवाह पालटला आहे. २००२ साली क्लीव्हलँड शहरातील शिष्यवृत्ती योजना सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. २०२० साली मोंटाना आणि २०२२ साली मेन या राज्यांच्या प्रकरणांत, खाजगी शाळांना मिळणारी सवलत केवळ धार्मिक असल्याच्या कारणावरून नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ब्लेन यांच्या छायेतील तरतुदींचे बळ त्यामुळे ओसरले. पण २०२५ सालच्या मे महिन्यात ओक्लाहोमातील सेव्हिलच्या संत इसिडोर यांच्या नावाच्या शाळेला सरकारी निधीवरील चार्टर शाळा म्हणून मान्यता देण्याच्या प्रश्नावर न्यायमूर्ती ४ विरुद्ध ४ असे विभागले गेले आणि राज्याच्या न्यायालयाचा प्रतिकूल निकाल कायम राहिला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांना देणगी देणाऱ्यास १,७०० डॉलरपर्यंत करात सूट देऊ केली आहे. ही तरतूद २०२७ पासून लागू होण्याची असून तीत सहभागी व्हायचे की नाही, हे प्रत्येक राज्याने ठरवायचे आहे.

या मदतीला विरोध करणारे सगळेच धर्मद्वेष्टे नाहीत, हेही न्यायबुद्धीने मान्य करावे. सार्वजनिक शाळांत अमेरिकेतील बहुसंख्य गरीब मुले शिकतात. पैसा तेथून वळला तर त्या मुलांचे काय, हा त्यांचा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. शिवाय जो पैसा देतो तो हिशेब मागतो, आणि आज हिशेब मागणारा उद्या अभ्यासक्रमही मागू शकतो. म्हणून मदत स्वीकारताना स्वातंत्र्य कोठवर शाबूत राहते, याची दक्षता ख्रिस्तसभेने घेतली पाहिजे.

आपल्यासाठी बोध

भारतात चित्र काहीसे उलटे आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे म्हणून अनुदान देताना भेदभाव करता येणार नाही, असेही बजावले आहे. १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अनुदानाच्या अटी या हक्काचा गळा घोटू शकत नाहीत, असे म्हटले. ब्लेनच्या अमेरिकेतील कॅथलिकांना जे स्वप्नातही लाभले नाही, ते आपल्याला घटनेने आरंभीच दिले. आपल्या अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन शासन देते, ते या व्यवस्थेमुळेच.

म्हणूनच आपल्याकडे जागरूकतेची गरज गौरवसमारंभापेक्षा जीआर आणि न्यायनिवाडे यांच्या बाबतीत अधिक आहे. २०१४ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिक्षण हक्क कायद्यातून अल्पसंख्याक शाळांना वगळले; १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणासह अनेक प्रकरणांच्या सुनावणीत, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्याची शिफारस केली. मंत्रिमहोदय शाळेच्या सुवर्णमहोत्सवात येतात, शाल-श्रीफळ होते, भाषणात धर्मगुरू आणि धर्मभगिनींच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव होतो. त्या सत्काराचे छायाचित्र आपण जपून ठेवतो. शिक्षकांच्या किती जागा रिक्त आहेत, पटसंख्या का घटते आहे, धर्मग्रामातील सर्वात गरीब घरचे मूल आपल्या शाळेत आहे की नाही, हे प्रश्न मात्र समारंभ आटोपल्यावर कोणी विचारीत नाही. मराठी माध्यमाच्या आपल्या जुन्या शाळांतील रिकामे होत चाललेले बाक हे या अनास्थेचे मूक साक्षीदार आहेत.

आणखी एक सूक्ष्म धोका आहे. राजसत्ता आपल्या शाळांची स्तुती करते ती तिच्या मापाने: निकालाची टक्केवारी, शिस्त, सरकारच्या पैशाची बचत. ही स्तुती वारंवार ऐकली की आपणही तेच माप हाती घेतो. मग शंभर टक्के निकालासाठी कच्च्या मुलाला दाराबाहेर ठेवण्याचा मोह होतो. एलिझाबेथ सेटन यांनी एमिट्सबर्गला शाळा उघडली ती निकालासाठी नव्हे. गरिबाच्या मुलीलाही देवाच्या प्रतिमेचा सन्मान लाभावा म्हणून. त्या शाळेची पहिली ओळख हीच होती की, तीत फी देऊ न शकणारी मुलगी बसू शकत होती.

फिलाडेल्फियाचीच एक अलीकडची घटना येथे नोंदवण्यासारखी आहे. ज्या महाधर्मप्रांतात संत न्यूमन यांनी शाळांचे जाळे विणले, तेथे जानेवारी २०१२ मध्ये, शाळा सप्ताह तोंडावर आला असताना, जवळपास पन्नास शाळा बंद करण्याची किंवा विलीन करण्याची शिफारस जाहीर झाली. त्यांत चार माध्यमिक शाळा होत्या. माजी विद्यार्थी, पालक आणि देणगीदार पुढे सरसावले, काही आठवड्यांत त्यांनी कोट्यवधी डॉलरांची हमी उभी केली, आणि फेब्रुवारीत त्या चारही माध्यमिक शाळा चालू ठेवण्याचा निर्णय झाला. प्राथमिक शाळांपैकी अनेक मात्र वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या, त्या आपल्या माणसांनी वाचवल्या.

सभागृहाने केलेला गौरव नम्रतेने स्वीकारावा. प्रभूने कोणाच्याही सद्भावनेचा अव्हेर केला नाही. न्याय्य हक्कांसाठी कायद्याच्या दरबारी निर्भयपणे उभे राहावे. ओरेगनच्या धर्मभगिनींनी तेच केले. पण आपली शाळा जिवंत आहे की नाही, हे ठरावाच्या कागदावरून ओळखता येत नाही. त्यासाठी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येकाने एवढेच पाहावे: यंदा फीअभावी शाळा सोडून गेलेले मूल कोण, आणि त्याच्या घरी आपल्यापैकी कोण जाऊन आले?